सगळं सारखं लहान होत नाही

डब्ल्यूएपी-७ हे भारतीय रेल्वेचं विजेवरचं इंजिन १२३ टनांचं आहे. मॉडेल रेल्वेच्या जगात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं प्रमाण १:८७ चं, त्याला एचओ म्हणतात. या प्रमाणात प्रत्येक माप ८७ ने भागायचं. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही भागली की वजन ८७ च्या घनाने, म्हणजे साधारण साडेसहा लाखांनी भागलं जातं आणि १२३ टनांचं इंजिन उरतं फक्त १८७ ग्रॅमचं. एवढ्या हलक्या इंजिनामागे आठ-दहा डबे जोडून थोडा चढ चढवायला गेलं की चाकं जागच्या जागी गरगरतात. म्हणून या आकाराचं बाजारातलं चांगलं इंजिन याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जड केलेलं असतं, आत धातूचे ठोकळे भरून. डब्यांचंही तेच. कोळसा वाहणारी बॉक्सएन वाघीण रिकामी असताना साडेबावीस टनांची असते, भरल्यावर ८१ टनांची. एचओमध्ये हे आकडे ३४ आणि १२३ ग्रॅम होतात. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने डब्याच्या लांबीवरून वजन ठरवण्याचं सूत्र दिलं आहे, त्यानुसार एवढ्या लांबीच्या डब्याला शंभर ग्रॅमच्या आसपास वजन हवं. त्याहून हलका डबा वळणावर आतल्या बाजूला ओढला जाऊन रुळावरून उतरतो. म्हणजे मॉडेलमधली रिकामी वाघीणसुद्धा जवळजवळ भरलेल्या वाघिणीच्या वजनानेच धावते. डोळ्यांना जे तंतोतंत खरं दिसतं, ते तराजूत मुद्दाम खोटं ठेवलेलं असतं.

मॉडेल रेल्वेकडे पाहणाऱ्याला वाटतं की या छंदाचं सगळं कसब हुबेहूब नक्कल करण्यात आहे. खऱ्या गाडीची मापं घ्यायची, ती ठरावीक आकड्याने भागायची, तसं कापायचं, जोडायचं, रंगवायचं. असं असतं तर हे काम सुबक हस्तकलेपाशी थांबलं असतं आणि माणसं त्यात चाळीस-चाळीस वर्षं रमली नसती. माझ्या मते या छंदाचं खरं बळ नेमकं उलट्या ठिकाणी आहे. वजन, घर्षण, वीज, वेळ, अंतर, पाणी, धूर यांतलं काहीच लांबीच्या प्रमाणात लहान होत नाही. जिथे भागाकार फसतो तिथे करणाऱ्याला ठरवावं लागतं की काय राखायचं आणि काय सोडायचं. ते ठरवण्यासाठी खरी रेल्वे कशी चालते हे मुळापासून समजून घ्यावं लागतं. त्यामुळे मॉडेल रेल्वे हा रेल्वे समजून घेण्याचा एक गंभीर मार्ग आहे, आणि तिच्यावरचे नेहमीचे आक्षेप तिला नक्कल समजूनच घेतले जातात.

सुरुवात अर्थातच खेळण्यापासून झाली. जर्मनीतल्या ग्योपिंगेन गावच्या मेर्क्लिन कंपनीने १८९१ मध्ये लायपझिगच्या जत्रेत आकड्यांनी ठरवलेल्या गेजचे, एकमेकांना जोडत वाढवता येणारे रूळ मांडले. याआधीची खेळण्यातली गाडी एकदा घेतली की संपली. आता दर वाढदिवसाला एक सांधा, एक वळण, एक स्टेशन वाढवता येऊ लागलं. आयुष्यभराच्या छंदाची बीजं या व्यापारी कल्पनेत आहेत. पुढे इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबी आणि अमेरिकेत जोशुआ लायोनेल कोवेन यांनी घराघरांत गाड्या पोचवल्या. पण खेळण्याचा छंद झाला तो मोठ्यांनी मापपट्टी हातात घेतल्यावर. १९३४ मध्ये मिलवॉकीत ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक सुरू झालं आणि दुसऱ्याच वर्षी, १९३५ मध्ये, त्याच शहरात वर उल्लेख केलेली संघटना उभी राहिली. कारण अगदी व्यवहारी होतं. एका कंपनीचं चाक दुसऱ्या कंपनीच्या सांध्यावर अडत होतं. कारखानदारांनी जे केलं नव्हतं ते हौशी माणसांनी बसून केलं. चाकाची जाडी, त्याच्या कडेची खोली, रुळांमधलं अंतर यांची मानकं त्यांनी लिहून काढली, आणि ती आजही चालतात.

ब्रिटनमध्ये या मापांची जी गोष्ट घडली ती जवळून पाहण्यासारखी आहे. तिथले बोगदे आणि पूल अरुंद असल्याने ब्रिटिश इंजिनं युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने बारीक. एचओच्या प्रमाणात ती केली तर त्या काळच्या मोटारी आत मावेनात. मग तडजोड झाली. गाडीचं अंग १:७६ च्या प्रमाणात, म्हणजे फुटाला ४ मिलिमीटर, आणि खाली रूळ मात्र एचओचेच, १६.५ मिलिमीटरचे. हेच ते ओओ प्रमाण, ब्रिटनमध्ये आजही सर्वांत लोकप्रिय. पण ब्रिटिश रेल्वेचा गेज आहे ४ फूट साडेआठ इंच. फुटाला ४ मिलिमीटर धरले तर रूळ १८.८३ मिलिमीटरवर हवेत. ओओची गाडी त्या हिशेबाने जेमतेम ४ फूट दीड इंचाच्या रुळावर उभी असते आणि समोरून पाहिल्यावर तिचे पाय जवळ घेतल्यासारखे वाटतात. कित्येकांना ते खुपलं. आधी १८.२ मिलिमीटरचा मधला मार्ग निघाला आणि १९६० च्या दशकात काही जणांनी ठरवलं की रूळ १८.८३ वरच ठेवायचे आणि चाकंही खऱ्या मापाने करायची. या शिस्तीला पी-फोर म्हणतात.

खऱ्या चाकाची कड, म्हणजे फ्लँज, रुळाच्या माथ्याखाली जेमतेम २८-२९ मिलिमीटर उतरते. १:७६ मध्ये ती अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी झाली. नेहमीच्या मॉडेलमध्ये ही कड बरीच खोल ठेवतात, त्यामुळे रूळ थोडे वरखाली असले तरी गाडी धकून जाते. पी-फोरमध्ये ती मुभा संपली आणि गाड्या पटापट उतरू लागल्या. शोध घेतल्यावर लक्षात आलं की दोष कडेचा नव्हता. चार चाकं एका ताठ चौकटीत घट्ट बसवली की ती चार पायांच्या स्टुलासारखी वागतात. जमीन किंचित असमान असली की एक पाय अधांतरी राहतो. चाक पाव मिलिमीटर उचललं गेलं आणि कडच अर्धा मिलिमीटरपेक्षा कमी असली, तर रूळ सोडायला कितीसा वेळ लागणार? उपाय दोन निघाले. एक आस मध्यावर टेकवून तिला डोलू द्यायचं, म्हणजे चौकट तीन बिंदूंवर उभी राहते. किंवा प्रत्येक चाकावर केसाएवढ्या तारेची स्प्रिंग बसवायची. दोन्ही उपाय खऱ्या रेल्वेत फार पूर्वीपासून आहेत. आगगाडीला स्प्रिंगा कशासाठी असं विचारलं तर बहुतेक जण सांगतील, प्रवाशांना धक्के बसू नयेत म्हणून. पी-फोरवाल्यांना त्याचं पहिलं आणि महत्त्वाचं उत्तर टेबलावर सापडलं: चाक रुळाला सतत टेकलेलं राहावं म्हणून. पुस्तकात ते आधीपासून होतंच, पण कड खऱ्या मापाची केल्याशिवाय त्याची गरज हातांना कळली नव्हती.

भारतीय रेल्वेचं मॉडेल करणाऱ्याची अडचण याच घराण्यातली आहे, आणि तिच्याविषयी फारसं लिहिलं जात नाही. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. १:८७ ने भागला तर रूळ १९.२६ मिलिमीटरवर हवेत. जगभर तयार मिळणारे एचओचे रूळ १६.५ चे, म्हणजे खऱ्या मापात साधारण १४३५ मिलिमीटरचे. ते युरोप-अमेरिकेच्या प्रमाण गेजशी तंतोतंत जुळतात, आपल्याशी नाही. त्यामुळे भारतीय डब्याची सुरेख प्रतिकृती केली तरी खाली ती परक्या रुळावर उभी राहते, आणि आपल्या गाड्यांचं जे ऐसपैस बूड आहे ते नाहीसं होतं. पर्याय तीन: डोळेझाक करायची, रूळ आणि चाकं स्वतः घडवायची, किंवा प्रमाणच बदलायचं. १६७६ ला १६.५ ने भागलं तर उत्तर येतं १०१.६. म्हणजे गाडी १:१०२ च्या आसपास केली तर तयार रूळ अचूक बसतात, पण मग बाजारात मिळणारी माणसं, झाडं, मोटारी सगळं विसंगत होतं. कुठलीही वाट धरा, काहीतरी सोडावंच लागतं. हीच आकडेमोड आपल्या नॅरोगेजला लावली की चित्र पालटतं. बार्शी लाइट रेल्वेचा गेज होता अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागलं तर पावणेनऊ मिलिमीटर. एन गेजचा ९ मिलिमीटरचा रूळ जगभर तयार मिळतो, फरक अवघा पाव मिलिमीटरचा. मुंबई-दिल्लीच्या राजधानीपेक्षा कुर्डुवाडी-बार्शीची गाडी मापात अचूक करणं सोपं आहे, हे सहसा कुणाला सुचत नाही.

वळणांच्या बाबतीतही हेच घडतं. घरात मावणाऱ्या लेआउटवर वळणाची त्रिज्या चाळीस-पन्नास सेंटीमीटर असते, खऱ्या मापात पस्तीस ते चव्वेचाळीस मीटर. एवढ्या तीव्र वळणावर ब्रॉडगेजची गाडी जाऊच शकत नाही. पण दार्जिलिंगच्या दोन फुटी रेल्वेवरच्या ‘अ‍ॅगनी पॉइंट’ या वळणाची त्रिज्या साडेएकोणसाठ फूट आहे. १:८७ मध्ये ती एकवीस सेंटीमीटर भरते, म्हणजे ते वळण जसंच्या तसं जेवणाच्या टेबलावर मावतं. डोंगरी नॅरोगेजवर जगभरचे शौकीन भाळतात याचं एक कारण निसर्गसौंदर्य असेल, पण मोठं कारण हे की त्या रेल्वे बांधणाऱ्या इंजिनिअरांनाही जागेची तीच टंचाई होती. माथेरानच्या गाडीसाठी जर्मनीहून आणलेल्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीच्या इंजिनांना क्लीन-लिंडनर पद्धतीच्या आसा होत्या. पुढची आणि मागची चाकं वळणाप्रमाणे थोडी वळू शकत, आणि त्यामुळेच वीसास एक चढाच्या त्या नागमोडी वाटेवर सहा जोडलेल्या चाकांचं इंजिन चालू शकलं. टेबलावर ज्याचं इंजिन वळणात अडकलं आहे, त्याला त्या आसेचा आराखडा पाहून जो आनंद होतो तो नुसत्या वाचकाला होणं अवघड.

पण सगळ्यात हट्टी आहेत त्या दोन गोष्टी: अंतर आणि वेळ. कर्जत ते लोणावळा हा बोरघाटाचा टप्पा २८ किलोमीटरचा, एचओमध्ये तो ३२० मीटरहून जास्त लांब होतो. चोवीस डब्यांची एक्स्प्रेस इंजिनासकट सुमारे सहाशे मीटरची, म्हणजे मॉडेलमध्ये जवळजवळ सात मीटर. खोलीच पाच मीटरची, तर गाडी स्टेशनात येण्याआधी तिचं शेपूट मागच्या भिंतीबाहेर. म्हणून चोवीस डब्यांच्या जागी सहा लावतात आणि घाटातलं एखादंच ठिकाण निवडतात. कोणतं निवडायचं? इथे पाहणाऱ्याची समज कामाला लागते. घाटाचा अर्थ नुसत्या दरीत नाही, सदतीसास एक चढात आहे. मागून ढकलणारी बँकर इंजिनं, गाडीचे ब्रेक तपासण्यासाठी होणारा थांबा, घसरत आलेल्या गाडीला अडवण्यासाठी काढलेले कॅच साइडिंग, हे घेतलं तर दोन मीटरच्या फळीवरही बोरघाट उभा राहतो. उलट दरी, धबधबा आणि तीन बोगदे घेऊन चढ आणि बँकर सोडले, तर तो कुठलाही डोंगर होतो.

वेळेचा पेच याहून खोल आहे. ताशी शंभर किलोमीटरचा वेग एचओमध्ये सेकंदाला बत्तीस सेंटीमीटर होतो. पाच मीटरची खोली गाडी सोळा सेकंदांत ओलांडते. वेळापत्रक लावून गाड्या चालवायच्या तर अर्ध्या मिनिटात सगळा दिवस संपेल. यावर उपाय म्हणून घड्याळच वेगाने चालवतात. भिंतीवर चौपट किंवा सहापट धावणारं घड्याळ लावायचं आणि सगळ्यांनी त्या वेळेने वागायचं. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या फ्रँक एलिसन यांनी १९४४ च्या आपल्या लेखमालेत हा विचार पुढे नेला. रंगभूमीची पार्श्वभूमी असलेल्या या माणसाने लेआउटला रंगमंच म्हटलं, गाड्यांना नट आणि वेळापत्रकाला कथानक. त्यानंतर गोल गोल फिरणाऱ्या गाडीकडे नुसतं बघत बसण्याऐवजी रेल्वे ‘चालवणं’ हा छंदाचा स्वतंत्र प्रकार झाला. प्रत्येक डब्याला पत्ता, प्रत्येक मालाला गिऱ्हाईक, एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीसाठी क्रॉसिंग. आणि तिथे एक नवी विसंगती दिसली. धावण्याची वेळ घड्याळाने दाबता येते, पण डबा जोडणं, सोडणं, सांधा बदलणं, इंजिन फिरवून दुसऱ्या टोकाला आणणं यांना खरीखुरी मिनिटं लागतात. सहापट घड्याळावर शंटिंगची पाच मिनिटं म्हणजे अर्धा तास. असं चालवू पाहणाऱ्याला थोड्याच वेळात कळतं की गाड्यांचा खोळंबा धावत्या मार्गापेक्षा स्टेशनात आणि यार्डात जास्त होतो. वेग वाढवून फारसं साधत नाही, फलाट आणि लूप लाइन वाढवली तर साधतं. खऱ्या रेल्वेतही गर्दीच्या मार्गांवर हाच अनुभव आहे. वेळ लहान होत नाही या अडचणीतूनच हा धडा हाती आला.

विजेची कथा तर थेट संगणकापर्यंत जाते. दोन रुळांच्या पद्धतीत एक रूळ धन आणि दुसरा ऋण, दोन्हींतून वीज घेऊन इंजिनाची मोटार फिरते. आता समजा रूळ पुढे नेऊन मोठा वळसा घालून परत त्याच मार्गाला मिळवले, म्हणजे गाडी तोंड फिरवून आली. कागदावर चित्र सुंदर दिसतं. पण डावा रूळ बोटाने धरून वळशातून फिरत या, तो परतताना उजव्या रुळाला येऊन मिळतो. धन ऋणाला भिडला, शॉर्टसर्किट. त्यावर तोडगा असा: वळशाचा एक भाग दोन्ही टोकांना, दोन्ही रूळ कापून वेगळा करायचा, गाडी पूर्ण त्या भागात शिरली की बाहेरच्या मार्गाची दिशा उलटवायची आणि मग तिला बाहेर काढायचं. तो वेगळा भाग गाडीपेक्षा लांब हवा, नाहीतर पुढची चाकं बाहेर आणि मागची आत असताना पुन्हा तेच. मेर्क्लिनच्या तीन रुळी पद्धतीत ही भानगडच नाही, कारण बाहेरचे दोन्ही रूळ एकाच जातीचे आणि दुसरी वीज मधून येते. पण मधला रूळ दिसायला खोटा. पुढे मेर्क्लिनने त्याच्या जागी स्लीपरांमधून डोकावणारे बारीक खिळे बसवले. दिसणं की सोय, हा झगडा इथेही आहेच.

एका रुळावर दोन इंजिनं स्वतंत्रपणे चालवायची झाली की गुंता आणखी वाढतो, कारण विजेचा दाब बदलला की दोन्ही एकदम धावतात. मार्गाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा हव्या त्या चालकाच्या हाती द्यावा लागतो. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९४६ साली स्थापन झालेल्या टेक मॉडेल रेलरोड क्लबच्या विद्यार्थ्यांनी यासाठी टेलिफोन एक्स्चेंजमधले रिले वापरून भलीमोठी यंत्रणा उभारली. टेबलावर डोंगर आणि गावं, टेबलाखाली तारांचं जंगल, आणि त्या जंगलात रमलेली मुलं. रिलेचं तर्कशास्त्र हेच संगणकाचं तर्कशास्त्र आहे. यातलीच मंडळी टीएक्स-० आणि पीडीपी-१ या सुरुवातीच्या संगणकांकडे वळली. पीटर सॅमसन, अ‍ॅलन कोटोक, स्टीव्ह रसेल ही नावं संगणकाच्या इतिहासात आहेत. १९६२ च्या ‘स्पेसवॉर’ या खेळासाठी हातात धरायची नियंत्रणं क्लबमधल्या सुट्या भागांतूनच बनवली गेली. रेल्वेच्या छंदाशिवाय संगणक आला नसता असं कुणी म्हणणार नाही. पण टेबलाखालच्या ज्या प्रश्नाशी ही मुलं झगडली, म्हणजे एका तारेवरून अनेकांना वेगवेगळे हुकूम कसे द्यायचे, तो संगणकशास्त्रातला खरा प्रश्न होता. मॉडेल रेल्वेत त्याचं उत्तर नंतर आलं. जर्मनीच्या लेंझ कंपनीने १९८० च्या दशकाच्या शेवटी केलेल्या कामावरून १९९० च्या दशकात डीसीसी हे मानक ठरलं. रुळात वीज कायम तेवढीच ठेवायची, तिची दिशा मात्र क्षणाक्षणाला उलटवत राहायची. अर्धी लाट ५८ मायक्रोसेकंदांची असेल तर ‘१’, शंभर किंवा त्याहून लांब असेल तर ‘०’. या एक-शून्यांतून इंजिनाचा क्रमांक आणि वेगाचा हुकूम जातो, आणि ज्या इंजिनाचा क्रमांक असेल तेच ऐकतं.

इथे एक रास्त आक्षेप येतो. आता पडद्यावर सगळी रेल्वे चालवता येते. ट्रेन सिम्युलेटरमध्ये वजन खरं, अंतर खरं, वेळ खरी. मग लाकडी फळीवर खोटी वजनं ठेवत कशाला बसायचं? सिम्युलेटर थोर साधन आहे, इंजिनचालकांच्या प्रशिक्षणात त्याची जागा मॉडेल घेऊ शकणार नाही. पण सिम्युलेटरमध्ये तेवढंच असतं जेवढं लिहिणाऱ्याला आधी ठाऊक होतं. फळीवरच्या रुळाला धूळ बसते, हवा बदलली की लाकूड फुगतं, सांध्याची जीभ अर्ध्या मिलिमीटरने बाहेर राहते, आणि कुणीही न लिहिलेली चूक समोर येते. खऱ्या रेल्वेचा देखभाल विभाग आयुष्यभर ज्यांच्याशी लढतो ती हीच मंडळी: धूळ, गंज, झीज, तापमान. खुद्द रेल्वेलाही मॉडेलचं मोल फार पूर्वी कळलं होतं. इंग्लंडच्या लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेने १९१२ मध्ये सिग्नलमन शिकवण्यासाठी मॉडेल रेल्वे करून घेतली, ती आता यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. भारतीय रेल्वेच्या प्रशिक्षण संस्थांतही मॉडेल रूम असते. दोन गाड्यांना परस्परविरोधी मार्ग मिळू नयेत म्हणून सिग्नल आणि सांधे एकमेकांत कसे अडकवलेले असतात, हे तरफ हाताने ओढल्यावर आणि ती न हलल्यावर जसं उमगतं, तसं तक्त्यावरून उमगत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे आणि त्याला सहजासहजी उत्तर देता येत नाही. मॉडेलमधलं जग फार गोड असतं. कायम ऊन, कायम वेळेवर गाडी, रंगीत डबे, हसरी माणसं. वाफेच्या इंजिनात कोळसा ओढणाऱ्या फायरमनची भाजलेली कातडी त्यात नसते. वसाहतीच्या काळातली भारतीय रेल्वे दाखवली तर साहेबाचा सलून दिसतो आणि तिसऱ्या वर्गाची कोंडी दिसत नाही. पुष्कळ लेआउटच्या बाबतीत हे खरं आहे. पण दोष निवडीचा आहे, आणि निवड सुधारता येते. ऑस्ट्रेलियातून १९२५ मध्ये इंग्लंडला आलेल्या रॉय इंग्लंड यांनी पाहिलं की व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स भागातली गवताने शाकारलेली घरं झपाट्याने बदलत आहेत. त्यांनी ती टिपायला सुरुवात केली, १९५४ मध्ये लाँग विटनहॅम गावात जागा घेतली, आणि तिथे पेंडन संग्रहालय वाढलं. १९३० च्या दशकातला तो परिसर १:७६ मध्ये, घराघराची मापं घेऊन, पुठ्ठ्यावर दगडन् दगड रंगवून उभा केला आहे. मूळ गावं बदलून गेल्यावर ही पुठ्ठ्याची घरं पुरावा ठरली. कॅलिफोर्नियात माँटेरीच्या जॉन अ‍ॅलन यांनी दुसरी खोड मोडली. त्यांच्या गाड्यांवर गंज, काजळी आणि चिखल असायचा, कारण वापरलेली गाडी चकचकीत नसते. १९७३ च्या जानेवारीत त्यांचं निधन झालं आणि काही दिवसांतच आगीत त्यांचा लेआउट जळाला. पण डब्याला मळवण्याची त्यांची रीत आज जगभरच्या शौकिनांनी उचलली आहे.

संग्राहकांवरही टीका होते की ते गाडी चालवत नाहीत, डब्यात बंद ठेवतात. बांधणारा आणि जमवणारा यांच्यात थोडा बेबनाव आहेच: एकाला करवत चालवायची असते, दुसऱ्याला मूळ खोकाही फाटलेला चालत नाही. पण जमवणाऱ्यांमुळेच आपल्याला कळलं की युद्धापूर्वीची काही जस्तमिश्रित ओतीव मॉडेलं कपाटात बसल्या बसल्या फुगतात, तडकतात आणि हातात चुरा होतात. मिश्रधातूत शिशाचा अंश जरी शिरला तरी कणांच्या सीमांवरून गंज आत पसरतो. खेळण्याच्या कारखान्यात जस्त किती शुद्ध वापरलं जात होतं, याची नोंद त्या चुऱ्यात आहे. ती हिशेबाच्या वहीत सापडली नसती.

राहिला पैशाचा आणि जागेचा प्रश्न. आयात केलेलं चांगलं इंजिन महाग असतं, यात शंका नाही, आणि शहरातल्या घरात फळीला जागा नसते. त्यामुळे आपल्याकडे हा छंद मोठा झाला नाही. पण पुण्याच्या कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे, आणि तिथे शाळांच्या शाळा येऊन गाड्या बघतात. छंद मोठा व्हायला महाग इंजिन लागत नाही. पेंडनची घरं पुठ्ठ्याची आहेत हे विसरू नये. मॉडेलचा कणा आहे मोजमाप, आणि त्याला फक्त टेप आणि वही लागते.

ही वही महाराष्ट्रात उघडायला विषय हाताशी आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ मध्ये सुरू केलेली बार्शीची रेल्वे हलक्या रेल्वेच्या जगात आदर्श मानली जायची. सगळ्या गाड्यांचा आसभार पाच टनांत बसवून तिचे रूळ हलके ठेवले होते. कॅलथ्रॉप यांनी पुढे इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटी रेल्वे याच धर्तीवर केली, आणि तिची मॉडेलं तिथले शौकीन आवडीने करतात. तिची थोरली बहीण असलेली बार्शीची रेल्वे मिरज ते लातूर पसरली, पंढरीच्या वारकऱ्यांना आणि बालाघाटच्या मालाला तिने वाहिलं, आणि या शतकाच्या पहिल्या दशकभरात ब्रॉडगेज होऊन संपली. नागपूरच्या मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे, तिथे अडीच फुटी गाड्या उभ्या आहेत आणि त्यांची मापं घेता येतात. पण कुर्डुवाडीचं मॉडेल करायचं तर ब्रॉडगेजच्या वाघिणीतून नॅरोगेजच्या वाघिणीत माल कसा बदलला जायचा, किती हमाल लागायचे, किती वेळ जायचा, यात्रेच्या दिवसांत जास्तीचे डबे कुठे उभे करायचे, हेही लागेल. हे लोखंडावर मोजता येत नाही. ज्यांनी ते काम केलं त्यांच्याकडून लिहून घ्यावं लागेल, आणि त्यांतले बरेच आता ऐंशीच्या घरात असतील. रूळ मात्र सोपे आहेत: नॅरोगेजसाठी ९ मिलिमीटरचा तयार रूळ, आणि त्याच्या शेजारी १९.२६ वर हाताने बसवलेला ब्रॉडगेज, दोन्ही एकाच फळीवर, मधे माल बदलण्याचा फलाट.